ऐतवारचं पाणी

अश्लेषाला तो तांब्या दिसला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते, टेबलावरच्या चहावर साय धरली होती, आणि आपण बघतोय ते काय हे ध्यानात यायच्या आधीच तिच्या जिभेवर पाण्याची चव आली. थोडी पितळेची, थोडी धुळीची, आणि वर चपट्या दगडाचं झाकण असलं तरी आत पडलेल्या एखाद्या बाभळीच्या पाल्याची. पडद्यावर मोकळं रान होतं. काळी माती, जेसीबीने उपटलेल्या खोडांचे खड्डे, आणि मधोमध एकच बाभूळ उभी, खाली मुळाशी पितळी तांब्या. बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत ती सहा वर्षं असले फोटो बघत आली होती. शेतकऱ्याच्या मोबाइलवरून आलेले, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश छापलेले, एकासारखे एक. चार-चारशे फोटो ती बघायची आणि एकही आठवत नसायचा. हा फोटोही तिच्याच हाताखालून तीन आठवड्यांपूर्वी गेला होता आणि तिने तो पाहिला नव्हता. पाहिला होता तो रॉटरडॅमच्या एका तपासणीस बाईने, जिने आयुष्यात बाभूळ पाहिली नसेल. तिने तांब्याभोवती लाल गोल काढला होता आणि नम्रपणे दोन प्रश्न विचारले होते. एक: ३१ डिसेंबर २०२० रोजी या जमिनीवर जंगल होते काय? दोन: शिल्लक ठेवलेले झाड व त्याखालील भांडे हे पूजेचे अथवा वहिवाटीचे स्थान आहे काय? असल्यास कोणाचे? अश्लेषाने वरचा गट नंबर वाचला. दोनशे चौदा, मौजे कळस, तालुका इंदापूर. मग तिने उगाचच मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून.

कंपनी लाकडाचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करायची, त्यांना सगळे पेलेट म्हणत. आधी उसाच्या चिपाडाच्या करून इथल्याच वीजकेंद्रांना द्यायची. मग तिकडे युद्ध पेटलं, युरोपने रशियाचं लाकूड घ्यायचं बंद केलं, आणि कळस-कऱ्हाटीच्या बांधावरच्या बाभळीला, जिला आजवर शेळ्यांखेरीज कुणी विचारलं नव्हतं, एकदम परदेशातून मागणी आली. कोळसा करून पाठवायचा तर आपल्याकडचे निर्बंध आडवे, म्हणून कांड्या. तिकडच्या लोकांच्या हिशेबात लाकूड जाळणं स्वच्छ धरतात. फक्त ते लाकूड जंगलतोडीचं नसावं, एवढी त्यांची अट. त्यासाठी त्यांनी कायदा केला, त्याची तारीख दोनदा पुढे ढकलली, पण गिऱ्हाइकांनी मात्र आजपासूनच कागद मागायला सुरुवात केली. कुठल्या जमिनीतलं लाकूड, तिचे चारी कोपरे, अंश आणि दशांशात. अर्ध्या हेक्टरच्या वर जागा, झाडं पाच मीटरच्या वर, दहा टक्के सावली, आणि शेतीचा वापर नाही, की झालं ते जंगल. हे सगळं अश्लेषाला तोंडपाठ होतं. भूगोलात एम.ए. केल्यावर वडील म्हणाले होते, नकाशे काढून कुणाचं पोट भरलंय. तिचं भरत होतं. गट नंबर घालायचा, सातबारा जोडायचा, उपग्रहाच्या चित्रावर कोपऱ्या-कोपऱ्याला टिचकी मारत जमीन घेरायची, की पडदा हिरवा. दिवसाला वीस-वीस जमिनी ती अशी घेरायची, आणि त्या विसांत एक दोनशे चौदा येऊन गेली तरी तिचा हात अडखळला नाही. आपल्या घरचं माणूस गर्दीत समोरून जावं आणि आपण ओळखू नये, तसलं काहीतरी झालं होतं, आणि तिला त्याची शरम वाटली.

तिने २०२० सालचं चित्र काढलं. कळसच्या त्या ओढ्याकाठी, उसाच्या आखीव तुकड्यांमध्ये, एक काळपट हिरवा ठिपका होता. एक एकर चोवीस गुंठे. तिच्या वडिलांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, आबांचं, भांडण उपग्रहातून दिसतं हे तिला नवीन होतं. कारण ते जंगल म्हणजे दुसरं काही नव्हतं, दोघा भावांचं भांडणच होतं ते. आजोबा गेले तेव्हा बाकी सगळी जमीन बिनबोभाट वाटली गेली, आणि या शेवटच्या तुकड्यापाशी गाडं अडलं. वडील म्हणाले उभी वाटणी करू, म्हणजे दोघांनाही थोडा रस्ता आणि थोडा ओढा. सावळारामआबा म्हणाले आडवी करू, दादाला रस्ता घेऊ दे, मला ओढा, लांबट पट्ट्यात नांगर वळत नाही. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांचंही बरोबर असलं की भांडण मिटत नाही. कोर्टात कुणी गेलं नाही. आईबहिणीवर कुणी आलं नाही. नुसतं बोलणं थांबलं, आणि वाटणी होईतो कुणी नांगर घालायचा नाही असं न बोलताच ठरलं. पहिल्या वर्षी गवत आलं, दुसऱ्या वर्षी शेळ्यांच्या लेंड्यांतून वेडी बाभूळ आली, आणि मग एकोणतीस वर्षं ती वाढतच राहिली. मधोमध आजोबांच्या हातची एक गावरान बाभूळ होती, तेवढीच सरळ. उभी रेघ काढा की आडवी काढा, ती त्याच झाडावरून जायची. सातबाऱ्यावर दरसाल तलाठी ‘पड’ लिहायचा. वडील पाटबंधारे खात्यात होते, दुसऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या लावण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. ते म्हणायचे, कागदावर पड आणि जागेवर रान, सरकारला तेवढंच पुरतं. हे म्हणताना ते हसायचे, पण त्यांचं हसू अर्ध्यातच थांबायचं.

दर रविवारी ते कळसला जायचे. ‘जरा बघून येतो’ म्हणायचे, आणि काय बघून येतात हे आई कधी विचारत नसे. अश्लेषा दोनदा गेली होती त्यांच्याबरोबर, एकदा सात वर्षांची असताना आणि एकदा दहा. स्कूटर रस्त्यावर लावून, काट्यांतून वाकून वाट काढत ते त्या मधल्या झाडापाशी जायचे आणि बुंध्याला पाठ लावून बसायचे. करायचं काही नाही. समोर काट्यांच्या जाळीतून दोनशे पावलांवर आबांचं घर, ओसरी, ओसरीवर पांढरी टोपी. टोपी इकडे बघायची नाही आणि वडील तिकडे बघायचे नाहीत. झाडाच्या मुळाशी तांब्या असायचा, भरलेला, वर चपटा दगड. ‘कुणी ठेवलाय?’ तिने विचारलं होतं. ‘असतो,’ वडील म्हणाले होते. वरून धार धरून ते प्यायचे, तिला पाजायचे, उरलेलं मुळाशी ओतायचे आणि तांब्या मुळावर उपडा घालायचे. मग पुन्हा बसायचे. दुसऱ्या खेपेला तिच्या टाचेत काटा गेला. वडिलांनी बाभळीचाच एक काटा मोडून घेतला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि काट्याने काटा काढला. ती भोकांड पसरून रडत होती, आणि तिला स्पष्ट आठवतं, दोनशे पावलांवरची पांढरी टोपी त्या वेळी ओसरीवरून उठून उभी राहिली होती, चार पावलं पुढे आली होती, आणि रडं थांबलं तशी परत जाऊन बसली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, असेल कुणी म्हातारा. तो म्हातारा नव्हता, चाळिशीतला माणूस होता, आणि तिचा सख्खा चुलता होता. त्या घरात माया अशीच चालायची, मुक्याने, आणि ज्याने त्याने ती खुणांवरून वाचायची. उघड बोलून कुणी कुणाकडे काही मागितलं नाही. आईसुद्धा वडिलांना भूक लागली का हे न विचारता ताट वाढायची, आणि वडीलही भूक नसली तरी जेवायचे.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेराव्याला आबा आले, दारात उभे राहिले आणि चौकटीला हात लावून परत गेले. मग नात्यातल्या चार जणांनी मनावर घेतलं. एकुलती एक मुलगी, लग्न मोडून सात वर्षं झालेली, नोकरी चांगली. त्या काटेरी तुकड्याचं ती काय करणार? आई करतेय, तूही हक्कसोड करून दे म्हणाले, भांडण तुझ्या बापाबरोबर जाऊ दे. आपल्याकडे बहिणींनी, लेकींनी सही करायची रीतच आहे. सही करणारीला साडी आणि न करणारीला नाव. अश्लेषाला रीतीची चीड होती, भाषण देण्याइतकी. पण इंदापूरच्या कचेरीत बाकावर आबांशेजारी बसल्यावर, त्यांच्या सदऱ्याला वडिलांच्या सदऱ्यासारखाच वास येतोय म्हटल्यावर, तिचं भाषण राहूनच गेलं. कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा ठेवा, इथं सही, इथं, आणि इथं. ‘सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क व हितसंबंध राहिलेला नाही.’ काकूने, छबूबाईने, कचेरीच्या बाहेर लिंबाखाली तिची ओटी भरली, हिरवी साडी दिली. परतताना तिला हलकं हलकं वाटलं होतं. आपण काहीतरी मिटवलं असं वाटलं होतं. मिटवलं म्हणजे पुसलंही, हे तेव्हा सुचलं नाही. यंदा उन्हाळा लागताच आबांच्या मुलाने, राजवर्धनने, बाभळी काढायला मशीन लावलं, आणि ते लाकूड जवळची कंपनी म्हणून इथंच आलं.

दुपारी तिला ऋषिराजने बोलावलं. मालकाचा मुलगा, परदेशात शिकून आलेला, वयाने लहान आणि म्हणून तिला कायम ‘मॅडम’ म्हणणारा.

‘मॅडम, ही दोनशे चौदा काय भानगड आहे? त्या एका जमिनीपायी अख्खी खेप बाजूला काढून ठेवतील ते. जहाज पंधरा दिवसांत पोचतंय.’

‘पडीक जमीन आहे. बाभळी वाढल्या होत्या.’

‘मग तसं लिहा की.’

‘तिथं एकोणतीस वर्षं शेती नव्हती, सर. त्यांच्या व्याख्येत ते जंगल बसतं. जागा अर्ध्या हेक्टरच्या वर आहे.’

‘किती वर?’

‘चौदा गुंठे.’

ऋषिराजने खुर्ची तिच्याकडे वळवली. तो दुष्ट नव्हता, त्याला फक्त उपाय सापडल्याचा आनंद झाला होता. ‘मग सोपं आहे. मधून रेघ मारा. दोन तुकडे दाखवा. दोन्ही अर्ध्याच्या आत. यंत्र तुकडा बघतं, त्याला काय कळतंय? आणि ते झाड आणि तो लोटा जे काय आहे, त्या शेतकऱ्याला विचारा. देवबिव असेल तर पंचाईत आहे. नसेल तर नाही म्हणा, तिथला नवीन फोटो जोडा, आणि सोमवारी पाठवून द्या.’

ते आपले चुलते आहेत हे तिने सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे तिला जिना उतरतानाही कळेना. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि दुसऱ्याने दोन मिनिटांत ‘नाही’ लिहून टाकलं असतं. तिला ते नको होतं. तिला तरी काय हवं होतं? ते झाड उभं राहायला हवं होतं. बाकी सगळं गेलं ते तिच्या सहीने गेलं, त्याबद्दल तिला कुणाला बोलायचा अधिकार नव्हता. पण ते एक झाड कुणीतरी, न सांगता, ठेवलं होतं. आणि तांब्या ठेवला होता. माणूस जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

शुक्रवारी ती कळसला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, कोसच्या कोस, तेवढाच उंच आणि तेवढाच मुका. त्यातून जाताना तिला नेहमी गुदमरायला व्हायचं. दोनशे चौदावर मात्र उजेड आला होता नुसता. आधी जिथं काळोखी असायची तिथं आता आबांची ओसरी रस्त्यावरूनच दिसत होती, आणि ओसरीवरून रस्ता. आबा एक्काहत्तर वर्षांचे झाले होते. तिला बघून ते उठले, आत वळून ‘पोरगी आली गं’ म्हणाले आणि पुन्हा बसले. छबूबाईने पाणी दिलं, मग चहा, मग न विचारता पिठलं-भाकरी. जेवण होईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मग अश्लेषाने मोबाइलवर तो फोटो काढून आबांपुढे धरला. लाल गोलासकट.

‘हे कुनी विचारलंय म्हनायचं?’

‘रॉटरडॅमच्या बाईंनी. म्हणजे हॉलंड. लाकूड तिकडं जातंय ना आपलं.’

‘तितं जातंय व्हय?’ आबांनी बराच वेळ फोटो पाहिला. ‘आन् तिला तांब्या दिसला.’

‘त्यांचा नियम आहे, आबा. तिथं कुणाचा देव असेल, कुणाची वहिवाट असेल, तर ते लाकूड ते घेत नाहीत.’

‘देव न्हाय म्हनून सांग. देव कशाला बसतोय बाभळीखाली. मानूस बसायचा, त्यो पन आता न्हाय.’ त्यांनी मोबाइल परत दिला. ‘ऐतवारी ठिवतो मी. सवय हाय. एवढी वर्सं ठिवला, आता सकाळी उठलं की हात जातोच. आदी सांजच्याला आनाया जायचो तवा उपडा असायचा. म्हंजी दादा येऊन गेला, पानी पिला. आता जातो तर भरल्यालाच असतो.’

छबूबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती शेंगांशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘किती डाव म्हनलं, एकदा जाऊन म्होरं बसा. पानी ठिवायला पाय जातंय, बसाया जात न्हाय.’

‘तुला काय कळतंय,’ आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘मी गेलो आसतो आन् त्यो उठून गेला आसता तर?’

अश्लेषाला रडू आलं, पण त्या ओसरीवर रडायची पद्धत नव्हती. ती उठून रानात गेली. झाडाखाली सावली नुसती नावाला होती. भोवतालची दाटी गेल्यावर ते झाड फार लहान, फार उघडं दिसत होतं. बुंध्यावर वडिलांच्या पाठीने गुळगुळीत झालेली जागा तिने हाताने शोधली. ती खरंच होती की तिलाच तसं वाटलं, हे सांगता येत नाही. लांबून ऊस तोडणाऱ्यांची हाक आली, आणि चिपाडाचा आंबूस वास. राजवर्धनने तिथपर्यंत सऱ्या पाडायला दोऱ्या टाकून ठेवल्या होत्या; दोऱ्या झाडापाशी येऊन दुभंगत होत्या आणि पुढे पुन्हा मिळत होत्या. आबा तिच्या मागून काठी टेकत आले होते. दोघंही झाडाकडे बघत उभे राहिले. तेव्हाच तिच्या तोंडून ते वाक्य गेलं. तिला त्यात काही म्हणायचं नव्हतं. दिवसभराचा शीण होता, सोमवारची धास्ती होती, आणि माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो तसं ती बोलली.

‘हे फोटोत आलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं बघा, आबा. आता सगळं माझ्यावर आलंय.’

आबांनी नुसती मान हलवली. ती मान हलवणं तिने पाहिलं आणि त्याचा अर्थ ‘व्हय, खरं हाय’ एवढाच घेतला. त्या घरातलीच असून तिला ते वाचता आलं नाही.

शनिवारी ऑफिसात फारसं कुणी नव्हतं. तिने उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यांदा तिने ऋषिराज म्हणाला तशी रेघ मारून पाहिली, नुसती पाहण्यापुरती. पडद्यावर रस्त्यापासून ओढ्यापर्यंत एक पांढरी रेघ उमटली. उभी वाटणी, वडिलांना हवी होती तशी. दोघा भावांना एकोणतीस वर्षांत जे जमलं नाही ते टिचकीसरशी झालं, आणि दोन्ही तुकडे हिरवे झाले. तिने रेघ पुसली आणि आडवी मारून पाहिली. तेही तुकडे हिरवे. म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. एवढ्यासाठी दोन माणसं समोरासमोर, मध्ये जंगल वाढवून, म्हातारी झाली. तिला हसू आलं, आणि आपलंही हसू अर्ध्यातच थांबलं हे जाणवून तिने पडद्यावरून हात काढून घेतला. मग तिने दोन्ही रेघा पुसल्या. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, होय, तुमच्या व्याख्येप्रमाणे जंगल होते. दुसऱ्यापुढे ती दोन तास बसली. पूजेचे नाही. वहिवाटीचे आहे. कोणाची वहिवाट? ‘जमिनीचे मालक आपल्या भावासाठी तेथे दर रविवारी पिण्याचे पाणी ठेवतात.’ इंग्रजीत ते वाक्य फार बारीक दिसत होतं. ‘भाऊ हयात नाही’ हे लिहावं की नाही ते तिला ठरवता येईना. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. हे पाठवलं की खेप अडणार, ऋषिराज तोंडावर गोड बोलून तिला या कामावरून काढणार, आबांचं लाकूड कुणी पुन्हा घेणार नाही; पण रॉटरडॅमच्या यादीत ती जागा ‘वहिवाटीचे स्थान’ म्हणून लागेल आणि मग राजवर्धनच्या सऱ्याही तिला वळसा घालूनच जातील. दोन वर्षांपूर्वी जिथं तिने माझं काही नाही म्हणून सही केली होती, तिथं आता आहे म्हणून सही करायची. तिने मसुदा जपून ठेवला. हे आबांना सांगावं असं तिच्या मनात एकदा आलं. पण काय सांगायचं, तुमचं नुकसान करतेय म्हणून? त्यांना आपोआप कळेल, असं तिने ठरवलं. घरी आईने विचारलं, ‘कळसला काय म्हणतात?’ ‘बरे आहेत,’ ती म्हणाली. आई, अनसूयाबाई, गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने वर पाहिलं नाही, पण एक शेंग दोनऐवजी चार ठिकाणी मोडली.

सोमवारी ती लवकर गेली. मसुदा उघडला, आणि तेवढ्यात राजवर्धनचा फोटो आला.

मोकळं रान. काळी माती. मधोमध बाभळीचा बुंधा, गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडलेला, मशीनने कापतात तसा सपाट नाही, कुऱ्हाडीच्या घावांनी सगळीकडून कुरतडल्यासारखा, आतलं लाकूड लालसर ओलं. त्या बुंध्यावर पितळी तांब्या. उपडा. कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, रविवारची तारीख, दुपारचे चार. खाली राजवर्धनचा निरोप: ‘ताई, आबांनी स्वतः तोडलं. मशीन आणतो म्हनलं तर ऐकलं न्हाय. सकाळी पानी ठिवलं, दुपारी कुऱ्हाड घेतली. तुझं काम अडाय नको म्हनाले. त्येचं लाकूड म्होरच्या गाडीत घालतो.’

अश्लेषाने फोटो मोठा केला, मग लहान केला. मी सांगितलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं. आणि पाठोपाठ आलं, त्या घरात कुणी कधी काय सांगितलं होतं. मसुद्यातलं वाक्य अजून समोर होतं. ठेवतात. तिने ते अक्षर-अक्षर मागे घेत पुसलं. आता त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सोपं होतं, आणि खरंही होतं. झाड: नाही. स्थान: नाही. कोणाचे: लागू नाही. पहिल्या प्रश्नापुढचं ‘होय’ खोडून तिने ‘नाही’ केलं, आणि रस्त्यापासून ओढ्यापर्यंत रेघ मारली. ती आता कशावरूनच जात नव्हती. नवा फोटो जोडला, पाठव म्हटलं, आणि पडदा हिरवा झाला. ऋषिराज दारातून अंगठा दाखवून गेला.

दुपारी तिने आबांना फोन लावला. फोन बराच वेळ वाजला.

‘मिळाला का फोटू?’ आबांनी विचारलं.

‘मिळाला.’

‘झालं का काम?’

‘झालं, आबा.’

‘बास मग.’ त्यांचा श्वास ऐकू येत होता, एक्काहत्तर वर्षांच्या माणसाने दुपारभर कुऱ्हाड चालवल्यावर दुसऱ्या दिवशी लागतो तसा. दोघंही फोन ठेवेनात. बोलायला शिकवलेलंच नव्हतं कुणाला. शेवटी तिला वाटलं, आता तरी, आयुष्यात एकदा, तोंडाने मागावं.

‘आबा, पाणी ठेवायचं सोडू नका,’ ती म्हणाली. ‘ऐतवारी ठेवत जा.’



‘कुठं ठिवू, पोरी?’ आबा म्हणाले. ‘तोडाया तोडलं, आन् आज राजानं बुंधा पन उपटून सऱ्या मारल्या. मी सकाळधरनं रानात हुबा हाय. समदं सारकंच दिसतंय. कुठं होतं त्येच घावंना.’

अश्लेषाने पडद्याकडे पाहिलं. ती जागा नेमकी कुठे होती हे तिच्यासमोर लिहिलेलं होतं, दशांश चिन्हापुढच्या सहा आकड्यांपर्यंत. ती ते आकडे मनातल्या मनात वाचत राहिली, आणि आबा पलीकडे थांबून राहिले.